हरणटोळ खरंच टाळू फोडतो का? बागेतल्या हिरव्या सापाचं काय करावं?

बागायतकर
नमस्कार मंडळी. देवगडच्या बाजूला सड्याच्या उतारावर आमची काजूची लहानशी बाग आहे. एका अंगाला चिऱ्याचा गडगा आणि बाकी तिन्ही अंगांना वई, म्हणजे झुडपांचं कुंपण. करवंद, निरगुडी, कुडा, जे उगवलं ते वाढू दिलेलं. बिया वेचायला गावातल्याच बायका येतात. गेल्या आठवड्यात वईतल्या एका करवंदीवर साप दिसला. हिरवागार, बोटाएवढा बारीक, चांगला लांब आणि तोंड टोकदार. बायका म्हणाल्या, "हरणटोळ तो, टाळू फोडतो." त्या कोपऱ्यातल्या बिया आता तशाच पडून आहेत.

घरात तीन मतं झाली आहेत. काका म्हणतात वई तोडा आणि तार ओढा. चुलतभाऊ म्हणतो सर्पमित्राला बोलवा आणि लांब रानात सोडायला सांगा. माझं मत, राहू दे त्याला. पण मी नुसतं "राहू दे" म्हटल्याने कामाला येणाऱ्यांची भीती जात नाही, आणि त्यांना जबरदस्तीने तिकडे पाठवणं मला पटत नाही. म्हणून विचारतो आहे. हा साप खरंच डोक्यावर झडप घालतो का? कोणी जवळून पाहिलं आहे का त्याचं वागणं?

रानवाट्या
वर्णनावरून तरी हरणटोळच वाटतो. भर दिवसा झुडपावर, बारीक अंग आणि निमुळतं तोंड, यात दुसरा साप सहसा बसत नाही. जवळ न जाता मोबाइलवर झूम करून डोळ्याचा फोटो मिळाला तर पक्कं सांगता येईल.

टाळूचं म्हणाल तर, नाही. तो माणसाच्या वाटेला जात नाही.

घाटवाट
रानवाट्या बरोबर सांगतायत, पण एका शब्दात "नाही" म्हणून भागणार नाही. ही समजूत आली कुठून ते सांगितलं तर बायकांना पटेल.

टाळू फोडण्याची गोष्ट मी कोकणातही ऐकली आणि घाटावरही. तमिळनाडूत हाच साप डोळे फोडतो म्हणून बदनाम आहे. इतक्या दूरदूरच्या माणसांना तीच शंका आली, तर तिला काहीतरी आधार असणार. माझ्या मते तो आधार उंचीचा आहे. घोणस, फुरसं, नाग हे आपल्या पायाशी असतात. चुकून पाय पडला तर चावा पायाला बसतो. हरणटोळ वईत आणि फांदीत राहतो, म्हणजे थेट आपल्या छातीच्या नाहीतर तोंडाच्या उंचीवर. त्याचा सगळा भरवसा न दिसण्यावर असतो. माणूस कोयती घेऊन फांद्या छाटत वीतभर अंतरावर आला तरी तो जागचा हलत नाही. शेवटी फांदीला धक्का बसला की मग बचावाला उतरतो. मान आणि पुढचं अंग फुगवतो, हिरव्या खवल्यांच्या मधली काळी-पांढरी कातडी उघडी पडते, जबडा पूर्ण वासतो आणि समोर जे काही असेल त्याच्या दिशेने झेप टाकतो. समोर माणसाचा चेहरा असेल तर ती झेप चेहऱ्याकडेच येणार.

ज्याच्यासमोर हे एकदा घडलं तो घरी जाऊन काय सांगेल? त्यामुळे बायकांना "तुम्ही खोटं बोलता" असं कृपया सांगू नका. पाहिलेलं खरं आहे. हेतू मात्र आपण चिकटवला आहे. माणसाची टाळू त्याच्या कुठल्याच कामाची नाही.

पिंपळपान
टाळू फोडायचीच असती तर आमच्या गावात एकाचीही शाबूत राहिली नसती. विहिरीवरच्या निरगुडीत बारा महिने मुक्काम असतो त्यांचा!

सुमेधा
डोळ्याचा विषय निघाला आहे तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या मते हरणटोळाचा डोळा ही आपल्याकडच्या रानातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे.

आपल्याकडच्या सापांच्या बाहुल्या बहुतेक गोल असतात, नाहीतर मांजराच्या असतात तशा उभ्या. हरणटोळाची बाहुली आडवी असते आणि तिचा आकार जुन्या कुलपाच्या भोकासारखा. भोकाचं निमुळतं टोक नाकाच्या दिशेला. डोळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंना एकेक खोलगट पन्हळ असते, त्यामुळे पुढे पाहताना स्वतःचं लांब तोंड आड येत नाही. एरवी सापांचे डोळे दोन बाजूंना दोन वेगळी दृश्यं पाहतात. याचे दोन्ही डोळे समोरची एकच गोष्ट एकाच वेळी पाहू शकतात, आणि त्यातून अंतराचा अंदाज येतो. शिवाय डोळ्याच्या पडद्यावर एक बारीक खळगा असतो, जिथे प्रतिमा सर्वांत स्पष्ट उमटते. आपल्या डोळ्यात तो आहे, पक्ष्यांच्या डोळ्यात आहे. सापांमध्ये तो फारच थोड्यांना लाभला आहे.

हे सगळं कशासाठी? याचं मुख्य खाणं सरडे. सरडा धोका दिसला की गोठून बसतो, आणि हालचालीवर अवलंबून असणाऱ्या शिकाऱ्याला गोठलेलं सावज दिसत नाही. हरणटोळाला दिसतं. त्यातून हा फांद्यांमधला शिकारी. जमिनीवरच्या काही सापांसारखं सावजाला चावून सोडून द्यायचं आणि मग वासावर माग काढत जायचं, ही सोय इथे नाही. सुटलेला सरडा खाली पडला की गेला. म्हणून पहिल्याच झेपेत पकडायचं, उचलून अधांतरी धरायचं आणि तो शांत होईपर्यंत सोडायचं नाही. ज्या सापाची झेप इतकी नेमकी असते तो माणसावर उगाच झेप वाया का घालवेल?

चिऱ्याचं_घर
सुमेधाताई, फार छान लिहिलंत. आता डोळा बघायलाच हवा.
माझी आजी वेंगुर्ल्याची. किरडू, म्हणजे साप, दिसलं की ती मुलांना थांबवायची, स्वतः हात जोडायची आणि दुसऱ्या वाटेने न्यायची. मारलं मात्र कधीच नाही. भीती होती, पण वैर नव्हतं.

आंबोलीकर
थोडा वेगळा सूर लावतो, माफ करा. "हिरवा साप म्हणजे निरुपद्रवी" असा संदेश या धाग्यातून जाऊ नये.

आमच्या भागात झुडपावर हिरवा दिसणारा दुसरा साप आहे, चापडा. एक बांबूवरचा हिरवा चापडा आणि दुसरा मलबारी चापडा. मलबारी तर हिरवा, पिवळा, तपकिरी, केशरी अशा अनेक रंगांत येतो. दोन्ही विषारी आहेत. चापडा हरणटोळापेक्षाही कमी हलतो. ओढ्याकाठी एकाच फांदीवर वेटोळं घालून दिवसभर बसून राहतो आणि शिकार रात्री. पावसाळ्यात घाटात चालताना आधाराला हात नेमका त्याच फांदीवर जातो. मी अशा चाव्यानंतर हात कोपरापर्यंत सुजलेला माणूस पाहिला आहे. त्यामुळे बागायतकर, आधी ओळख पक्की करा, मगच बायकांना धीर द्या.

रानवाट्या
आंबोलीकर, मुद्दा मान्य. पण या दोघांत गल्लत होऊ नये इतका फरक आहे. चापड्याचं डोकं रुंद, त्रिकोणी आणि मानेपासून स्पष्ट वेगळं. त्यावर बारीक बारीक खवले. हरणटोळाचं डोकं लांबट, वर मोठे गुळगुळीत खवले. चापड्याची बाहुली उभी, हरणटोळाची आडवी. चापड्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध एक खड्डा दिसतो, त्याने तो उष्णता ओळखतो. आणि अंगाची जाडी बघा. चापडा आखूड-जाड, हरणटोळ लांब-सडपातळ, त्यात शेपूटच जवळपास एक तृतीयांश.

आंबोलीकर
हे सगळं तुम्हाला आणि मला दिसतं. डोक्यावर बियांची टोपली घेतलेल्या बाईला खड्डा आणि बाहुली कुठून दिसणार? तिच्यासाठी नियम एकच हवा. फांदीत हिरवं काही दिसलं तर हात लावायचा नाही, मग ते काहीही असो.

रानवाट्या
हा नियम उत्तम आहे. माझा विरोध त्याला नाही. "हिरवं दिसलं की ठेचा" या नियमाला आहे.

वैद्यबुवा
चाव्याचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो.

वर कोणी "बिनविषारी" हा शब्द वापरलेला नाही हे चांगलं झालं, कारण हरणटोळ निमविषारी आहे. त्याचे विषदंत जबड्यात पुढे नसून मागे असतात. सरडा किंवा बेडूक तोंडात धरून चावत राहिला की विष उतरतं. माणसाला एक झटका देऊन तो सोडतो, त्यामुळे बहुतेक वेळा फारसं काही जात नाही. गेलंच तर चाव्याच्या जागी वेदना, सूज, बधिरपणा येतो आणि साधारण तीन दिवसांत उतरतो.

तरीही झुडपातून काहीतरी चावलं आणि कोणता साप ते पाहिलेलं नसेल, तर सरळ दवाखान्यात जा. आंबोलीकर म्हणतात तो चापडा असू शकतो. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनतं, चापडा त्यात नाही. म्हणजे चापड्याच्या रुग्णाला लक्ष ठेवून, रक्त गोठण्याच्या तपासण्या करत सांभाळावं लागतं. घरी वाट बघण्यात अर्थ नाही. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ लगेच काढा, सूज आली की त्या रुततात. हात हलवू नका. दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका. साप पकडून सोबत आणायची तर बिलकुल गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर पुष्कळ.

नभांगण
हरणटोळ बघायचा तर सकाळी, ऊन पडल्यावर. तो चालतो तेव्हा सरळ जात नाही, पुढेमागे डुलत जातो. वारा आला की झुडपाच्या फांद्यांबरोबर डुलायचं आणि पुढे सरकायचं. कधी जीभ बाहेर काढून तशीच ताठ धरून ठेवतो, लपलप न करता. का ते मला माहीत नाही, पण पाहताना माणूस हरवून जातो.

बागायतकर
सर्वांचे आभार. आज सकाळी ऊन वर आल्यावर लांबून फोटो मिळाला. बाहुली आडवी, तोंड टोकदार, पोटाच्या कडेने फिकट पिवळी रेघ. म्हणजे हरणटोळ नक्की ना?

रानवाट्या
नक्की.

घाटवाट
हरणटोळ नक्की, पण कोणता हरणटोळ हा प्रश्न आता उभा राहतो. पूर्वी भारतातल्या बहुतेक हिरव्या हरणटोळांना अहेटुला नासुटा हे एकच शास्त्रीय नाव होतं. २०२० साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासून दाखवलं की ही एक जात नाहीच. नासुटा हे नाव आता श्रीलंकेतल्या हरणटोळापुरतं राहिलं. त्या एकाच शोधनिबंधात पाच नव्या जातींचं वर्णन आलं. सह्याद्रीच्या उत्तर भागातला बोरिॲलिस वेगळा, मधल्या भागातला फार्न्सवर्थी वेगळा, दक्षिणेकडचा मलबारिका वेगळा. मैदानी, कोरड्या भागात राहणारा मोठा आणि लांब नाकाचा तो ऑक्सिरिंका. तपकिरी हरणटोळालाही सह्याद्रेन्सिस हे नवं नाव मिळालं.

म्हणजे आपण लहानपणापासून ज्याला एकच समजत होतो, तो घाटाच्या एकेका तुकड्यात लाखो वर्षं वेगळा वाढत होता. वई तोडायला निघालेल्या काकांना हेही जरूर सांगा.

काजवा
काकांना डीएनए सांगून वई वाचणार नाही. तारेच्या कुंपणाचा खर्च सांगा, लगेच वाचेल. 🙂

सुमेधा
काजवा, हाहा! पण खर्चाचा मुद्दा खराच आहे. वई फुकट मिळते, वारा अडवते आणि तिच्यात पक्षी घरटी करतात. ती गेली की सरडे जातील आणि हरणटोळही. मग जमिनीवरच्या बिळांमध्ये कोण राहायला येईल ते बघायला नको.

पिंपळपान
विषयांतर करतो. उडणारा साप म्हणतात तो हाच का? आमच्याकडे म्हातारी माणसं हिरव्या सापाला उडता म्हणतात.

नभांगण
नाही, उडता सोनसर्प वेगळा. त्याच्या अंगावर हिरव्या-पिवळ्या रंगात काळ्या रेघांची जाळी असते, आणि तोही निमविषारी. उडतो म्हणजे पंखाने नव्हे. फांदीवरून झेप घेताना बरगड्या पसरून अंग चपटं करतो आणि हवेतून तरंगत खालच्या झाडावर उतरतो. अमेरिकेतले संशोधक जेक सोचा अनेक वर्षं या सापांच्या मागे आहेत. त्यांनी आग्नेय आशियातल्या याच गटातल्या सापावर काम केलं. हवेत असतानाही साप नागमोडी वळणं का घेतो हा प्रश्न होता. २०२० मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की त्या वळणांमुळे त्याचा तोल टिकतो. वळणं थांबली तर तो हवेत कलंडेल.

चिऱ्याचं_घर
आणि रुखई? तोही झाडावरच असतो ना?

नभांगण
हो, रुखई पूर्ण बिनविषारी. पाठीवर तांब्याच्या रंगाचा पट्टा, आणि घाबरून फुगला की खवल्यांमधून निळा रंग चमकतो. पळण्यात हरणटोळापेक्षा कितीतरी चपळ. रुखई अंडी घालतो, हरणटोळ मात्र पिल्लं देतो.

घाटवाट
पिल्लांवरून एक जुनी नोंद आठवली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ऑगस्ट १८८५ पासून एकटी ठेवलेली हरणटोळाची मादी ऑगस्ट १८८८ मध्ये व्याली. तीन वर्षं नराचा संबंध नाही आणि तरी पिल्लं! नराचं बीज ती शरीरात साठवून ठेवत असावी असं मानलं जातं. फांद्यांमध्ये विखुरलेल्या, न दिसण्यावर जगणाऱ्या जनावरांना एकमेकांची भेट तरी किती वेळा होणार? एकदा झालेली भेट पुरवून वापरायला हवीच.

वाटसरू
मूळ प्रश्नावर येतो. मी सर्पमित्र म्हणून वनविभागाकडे नोंद असलेला माणूस आहे. चुलतभाऊ मला बोलावते तर मी बागेत आलो असतो, साप दाखवला असता आणि तो तिथेच ठेवून परत गेलो असतो.

घरात, शाळेत, गोठ्यात शिरलेला साप हलवणं समजू शकतो. वईतला हरणटोळ स्वतःच्या घरात आहे. त्याला कुठली फांदी उन्हाची, कुठे सरडे, रात्री कुठे पसरून झोपायचं हे माहीत असतं. अनोळखी रानात सोडल्यावर यातलं काहीही उरत नाही. त्यात हरणटोळ पकडीचा ताण सोसणारा साप नाही. पिशवीत घातलेला हरणटोळ खाणं सोडतो हे आम्ही सगळे जाणतो. आणि कायदा तर आहेच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, साप मारणं, पकडणं, बाळगणं परवानगीशिवाय करता येत नाही. खरोखर अडचण आली तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा.

शेवंता
मी या गप्पांत सहसा लिहीत नाही, आज लिहिते.

मी लग्नाआधी पाच-सहा हंगाम काजूच्या बिया वेचायला गेले आहे. तुम्ही सगळे सापाच्या बाजूने चांगलं बोलता आहात, आणि तो मला आवडतोही. पण बिया वेचणारी बाई दिवसभर वाकलेली असते. नजर जमिनीवर, डोकं पुढे, वईच्या फांद्या केसांना लागत असतात. तिच्या डोक्याशी काय आहे हे तिला दिसतच नाही. तिला "तो काही करत नाही" असं मालकाने गडग्यावर बसून सांगायचं, आणि जोखीम तिने घ्यायची. चावला तर दोन दिवसांची मजुरी बुडते, दवाखान्यात जायला कोणीतरी सोबत लागतं. भीती अडाणीपणाची नसते नेहमी, कामाच्या पद्धतीची पण असते. म्हणून बायकांना समजवायच्या आधी कामाची पद्धत बदला असं मी म्हणेन.

आंबोलीकर
शेवंताताई, मला जे नीट मांडता येत नव्हतं ते तुम्ही लिहिलंत.

घाटवाट
ताई, बरोबर आहे. मी वर बायकांना काय सांगावं तेच लिहिलं, त्यांना काय विचारावं हे लिहिलंच नाही कोणी. तुम्हीच सांगा, काय बदलायला हवं?

शेवंता
फार काही नाही. वईच्या कडेचा हातभर पट्टा आधी मालकाने स्वतः झाडायचा. लांब काठीने वई हलवायची, जोरात नाही, नुसती हलवायची, म्हणजे जे असेल ते आत सरकेल. कडेच्या बिया लांब दांड्याच्या खराट्याने बाहेर ओढायच्या आणि मोकळ्यावर वेचायच्या. डोक्याला जाड फडकं किंवा टोपी. वाकून वईत शिरायचं नाही, शिरायला सांगायचं नाही. आणि चावा झालाच तर दवाखान्याचा खर्च आणि त्या दिवसांची मजुरी मालकाची, हे आधी बोलून ठेवायचं.

वैद्यबुवा
शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. खर्चाच्या धास्तीने लोक चावा लपवतात आणि उशिरा येतात.

तांबडफुटी
फोटोवाल्यांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. पावसाळ्यात घाटात रात्री टॉर्च घेऊन फिरणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. झोपलेला हरणटोळ टॉर्चच्या प्रकाशात फिकट दिसतो, पटकन सापडतो. मग त्याला आकड्याने उचलायचं, "चांगल्या" फांदीवर ठेवायचं, जबडा उघडावा म्हणून बोट नाचवायचं, आणि पंधरा जणांनी फ्लॅश मारायचे. तो वासलेला जबडा पाहून खाली लोक लिहितात, "काय तेज!" ते तेज नाही हो, ती धास्ती आहे. वर घाटवाट यांनी बचावाचं जे वर्णन केलं ते सगळं या फोटोंत ओळीने दिसतं. मला याचा मनापासून राग येतो.

नभांगण
सहमत. माझा साधा दंडक आहे, तो जिथे आहे तिथेच, जसा आहे तसाच. जबडा उघडा असलेले हरणटोळाचे फोटो मी स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाजूला काढतो. सरडा पकडताना उघडलेला असेल तर गोष्ट वेगळी.

वाटसरू
आणि रस्ते. पहिल्या पावसानंतर घाटरस्ता ओलांडताना किती हरणटोळ चाकाखाली येतात ते पहाटे चालणाऱ्यांना विचारा. जमिनीवर तो फार सावकाश असतो, आणि गाडी आली की सवयीप्रमाणे स्तब्ध होतो. झाडावर त्याला वाचवणारी युक्ती डांबरावर त्याला मारते.

बागायतकर
मंडळी, सगळं वाचलं आणि घरात वाचूनही दाखवलं.

शेवंताताई, तुम्ही लिहिलं तसंच काल केलं. सकाळी मी आणि चुलतभावाने कडेचा पट्टा काठी फिरवून झाडून घेतला, बिया खराट्याने मोकळ्यावर ओढल्या. मजुरीचं आणि दवाखान्याचं बायकांसमोर बोललो. त्यावर एक मावशी म्हणाल्या, "हे आधी बोलला असतास तर सापाचं एवढं वाढलंच नसतं." त्यांच्यातल्या दोघी-तिघींना मोबाइलवर डोळ्याचा फोटो दाखवला. एकीने मोबाइल हातातच घेतला आणि खूप वेळ परत दिला नाही. एक बाई अजून त्या कोपऱ्यात जात नाहीत. त्यांना मी गडग्याच्या बाजूचं काम दिलं आहे, आग्रह केलेला नाही.

वई तोडायचं काकांनी सोडलं, अर्थात काजवा यांनी सुचवलेल्या कारणाने. तारेचा हिशेब त्यांनीच मांडला आणि त्यांनीच बाजूला ठेवला.

आता एक प्रश्न उरला. पावसाआधी वई छाटावी लागते, नाहीतर ती काजूवर येते. साप आत असताना छाटणी कशी करावी?

वाटसरू
सकाळी लवकर सुरू करू नका. ऊन वर येऊ द्या, गार असताना तो सुस्त असतो आणि हलत नाही. सगळी वई एका दिवसात छाटू नका. एका टोकापासून सुरुवात करा आणि पुढचा मोठा तुकडा आठवडाभर तसाच ठेवा, म्हणजे त्याला सरकायला जागा राहते. आधी काठीने हलवायचं, थोडं थांबायचं, मग कोयती. यंत्राने छाटणार असाल तर आवाजाने साप पळून जाईल असं धरून चालू नका, तो पळत नाही, गोठतो. म्हणून हलवून बघणं यंत्राच्या वेळी जास्त गरजेचं.

शेवंता
आणि छाटलेली कवळं लगेच भाजावळीला, म्हणजे जमीन भाजायला, टाकू नका. रात्रभर वईच्या कडेलाच पसरून ठेवा. आत काही अडकलं असेल तर निघून जाईल. आम्ही तसंच करायचो.

बागायतकर
बरं झालं सांगितलंत, आमच्याकडे त्याच संध्याकाळी पेटवतात. या वर्षी दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उलटून बघू आणि मगच पेटवू. छाटणी मे महिन्याच्या शेवटी आहे, तेव्हा काही दिसलं तर इथेच कळवतो.